सुटे भाग

माझ्याजवळ एक स्कूटर आहे. तिच्या वयाविषयी मी कुठे बोलत नाही आणि ती माझ्या वयाविषयी बोलत नाही, असा आमच्यात जुना करार आहे. वर्षातून तीन-चार वेळा मात्र तिचे काहीतरी तुटते, आणि मग कॉलेजातून परतताना मला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानाची पायरी चढावी लागते. मोटारींच्या सुट्या भागांचे ते दुकान. पाटीवर ‘होलसेल व रिटेल’ असे लिहिले आहे. त्यातले रिटेल म्हणजे क्लचच्या वायरीसाठी घासाघीस करणारी माझ्यासारखी माणसे. होलसेल म्हणजे खरे दुकान.

आत शिरले की आधी वास येतो तो नव्या रबराचा, ग्रीसचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. खिळ्यांना ऑइल सीलच्या माळा टांगलेल्या, मांडणीवर पिस्टन-रिंगची चपटी खोकी, खाली क्लच प्लेटा, आणि गल्ल्यामागे शेठ. शेठ दहावीपर्यंत शिकलेले आहेत. पण बेअरिंगचे नंबर त्यांना असे मुखोद्गत आहेत की आमच्या मराठी विभागात कुणाला वृत्तांची लक्षणे तशी येत नाहीत. गिऱ्हाइकाने ६२०३ म्हणावे आणि शेठांचा हात मान न वळवता मागच्या नेमक्या खोक्यावर पडावा. हे पाहण्यासाठी म्हणून मी कधीकधी स्कूटर धडधाकट असतानाही तिथे जातो.

खरे दुकान उघडते संध्याकाळी चारनंतर, मागच्या खोलीत. न्यायडोंगरी, बोलठाण, वेहेळगाव, साकोरा इथल्या गॅरेजवाल्यांचे निरोप दिवसभर फोनवर आलेले असतात. त्यांची पुडकी बांधली जातात, त्यांवर शाईने गावाची नावे पडतात आणि कुठल्याशा पिकअपच्या ड्रायव्हरच्या हवाली ती होतात. हा माल शेठांकडे येतो तो दूरदूरच्या पेठांतून. दिल्लीचे काश्मिरी गेट आणि करोलबाग, मुंबईचे ऑपेरा हाऊस, पुण्याची नाना पेठ, ही सुट्या भागांच्या व्यापाराची तीर्थक्षेत्रे. ट्रान्सपोर्टची बिल्टी येते, ती घेऊन नाशिकला किंवा मनमाडला जावे आणि गठ्ठे सोडवून आणावे. आमच्याच जिल्ह्यात सातपूरला डिझेल इंजिनाचे नोझल बनतात. ज्या कारखान्याला सारे नाशिक वर्षानुवर्षे ‘मायको’ म्हणत आले, त्याचे आजचे नाव बॉश आहे. “पण सर,” शेठ म्हणतात, “आमच्याकडे कधीकधी तेच नोझल दिल्लीवरून येतं. काशीला जाऊन आल्यावर माणसाचा मान वाढतो, तसा मालाचा भाव वाढतो.” २०२५ च्या सप्टेंबरात सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा अभिनंदन करावे म्हणून मी गेलो होतो. शेठ जुन्या किमतीची खोकी मोजत बसले होते. मी अभिनंदन न करताच परतलो.

शेठ साऱ्या सृष्टीची तीन भागांत विभागणी करतात: कंपनी, लोकल आणि डुप्लिकेट. कंपनीचा माल म्हणजे गाडी ज्यांनी केली त्यांच्याच खोक्यातला. लोकल म्हणजे कुणा लहान कारखानदाराने स्वतःच्या नावाने केलेला. तो स्वस्त असतो, कधी चांगला असतो, कधी नसतो, पण खोटे बोलत नाही. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यात घातलेला. “लोकलला नावं ठेवू नका सर,” ते मला एकदा म्हणाले, “त्यानं आपलं नाव लावलंय ना?” आमच्या वाङ्मयसमीक्षेत हा भेद इतक्या स्वच्छपणे कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

या दुकानातली एक मांडणी मात्र बाकीच्यांहून निराळी आहे. तिच्यावरच्या मालाने गाडी दुरुस्त होत नाही. गाडी दिसते किंवा वाजते. रंगीत दिव्यांच्या पट्ट्या, प्रेशर हॉर्न, रुंद हँडल, जास्त हवा ओढणारे फिल्टर आणि बुलेटचे सायलेन्सर. शेठ या मालाला ‘फॅन्सी’ म्हणतात. घेणारी मुले त्याला ‘पिकअप वाढवायचा माल’ म्हणतात. सायलेन्सरांची नावे तर एखाद्या तमाशाच्या फडात शोभावीत अशी: पंजाबी, इंदोरी, डॉल्फिन. पुणे-इंदूर रस्ता आमच्या तालुक्यातल्या मनमाडवरूनच जातो, त्यामुळे इंदोरी नावाच्या कुठल्याही वस्तूला इथे माहेरची वागणूक मिळते.

बुलेटची गोष्ट थोडी सांगायला हवी. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि लष्करासाठी साडेतीनशे सीसीच्या बुलेटी तयार होऊ लागल्या. फौजेतून ही गाडी पोलिसांत आली, पोलिसांतून पाटलाच्या वाड्यात आली. तिच्या जुन्या बिडाच्या इंजिनाला एक संथ, भारदस्त ठोका होता. पाटील वेशीत शिरले हे घरच्या माणसांना चुलीपाशी कळत असे. २०१० च्या आसपास नवे इंजिन आले. ते तेल गाळीत नाही, एका किकेत सुरू होते, गुणाचे आहे. पण तो ठोका त्यात राहिला नाही. आज जी मुले सायलेन्सर बदलतात त्यांतल्या पुष्कळांना आजोबांच्या गाडीचा आवाज हवा असतो. मिळतो तो भलताच.

कारण सायलेन्सरच्या पोटात पडदे असतात. इंजिनातून सुटलेला धूर त्या पडद्यांवर आपटत, वळणे घेत बाहेर पडतो आणि वाटेत त्याचा दम सरतो. पडदे काढून टाकले की धुराला वाट मोकळी मिळते, म्हणून इंजिनाला जोर येतो, असा मुलांचा सिद्धान्त आहे. शर्यतीच्या गाडीत तो काही अंशी खराही असतो. पण तिथे हवेची वाट, पेट्रोलचे माप आणि ठिणगीची वेळ यांची एकमेकांशी जुळवणी केलेली असते. इथे नुसता सायलेन्सर बदलतात. त्याने वाढतो तो बहुधा आवाजच. वर चालत्या गाडीची किल्ली क्षणभर बंद करून पुन्हा चालू केली की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेटते आणि बंदुकीसारखा बार होतो. याला ‘फटाका’ म्हणतात. पावणेदोनशे सीसीच्या वरच्या मोटारसायकलीने ८० डेसिबलपेक्षा जास्त आवाज करू नये, असा नियम आहे. फटाका मोजायला कुणी थांबलेले मी पाहिले नाही.

हे सारे मी आज शांतपणे लिहितो आहे. त्या वर्षी मी शांत नव्हतो. आई अंथरुणाला खिळली होती. तिला झोप लागायची ती रात्री अकरा वाजता, आणि साडेअकराच्या सुमारास आमच्या गल्लीतून एक बुलेट फटाका वाजवीत जायची. आई दचकून उठायची, छातीवर हात ठेवून बसायची आणि मग पहाटेपर्यंत आम्ही दोघे छताकडे पाहत असू. चौथ्या रात्री मी दाराशी उभा राहून त्या स्वाराला ओळखले. तो माझ्याच द्वितीय वर्षाच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत होता. त्याला वर्गात काही बोलण्याऐवजी मी दुसऱ्या दिवशी संतापाने शेठांच्या दुकानात गेलो. रोग मुळाशी खणावा, असे मला त्या वेळी वाटले असावे.

“तुम्ही हे विकताच कशाला?” मी पायरीवरूनच ओरडलो.

“बसा सर. आधी चहा घ्या,” शेठ म्हणाले. चहा येईपर्यंत त्यांनी उधारीची वही माझ्यापुढे उघडून ठेवली. “हा बोलठाणचा गॅरेजवाला. ट्रॅक्टरची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग नेलं श्रावणात. त्याला शेतकरी देणार कांदा विकल्यावर. तो मला देणार त्याच्यानंतर. आणि मी नाशिकच्या पार्टीला चेक देऊन बसलोय तीस तारखेचा. कांदा पडला की माझी क्लच प्लेट बुडली. असे किती आहेत, मोजा तुम्ही.” मी मोजले नाहीत, पाने उलटून पाहिली. “आणि सायलेन्सर नेणारा पोरगा? रोख. एक रुपया उधार नाही. उधार मागायची त्याला लाज वाटते, कारण ती गरजेची वस्तू नाही ना. सर, ह्या फॅन्सी मालाच्या रोखीवर माझी ट्रॅक्टरवाल्यांची उधारी उभी आहे.”

मी अर्थशास्त्राचा माणूस नव्हे. परंतु घाऊक व्यापाराचे इतके उघडे अंतरंग मला कुठल्या पुस्तकात भेटले नव्हते. ज्या आवाजाने माझ्या आईची झोप जात होती, त्याच्याच पैशावर बोलठाणच्या कुणा शेतकऱ्याची पेरणी वेळेवर होत होती. रागावावे कुणावर हे मला कळेना, आणि न कळल्यामुळे राग अधिकच आला. निघताना मी आईचे सांगितले. शेठांचा चेहरा उतरला. “हे माहीत नव्हतं सर,” एवढेच ते म्हणाले.

त्या रात्री साडेअकरा वाजता बुलेट आली नाही. निदान आली असे कळले नाही. खिडकीतून पाहिले तर तो मुलगा गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करून पावणेदोनशे किलोंचे ते धूड हाताने ढकलीत आमच्या घरापुढून नेत होता. पुढच्या कोपऱ्यावर जाऊन मग त्याने किक मारली. हे रोज चालले. त्याने मला वर्गात त्याविषयी कधी काही म्हटले नाही, मीही नाही. आई गेल्यावरही महिनाभर तो गाडी ढकलीतच जात होता. आता त्याची गरज नाही, हे त्याला सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

पुढे कायद्याने त्या मांडणीचा समाचार घेतला. कारखान्यातून जशी गाडी निघाली त्यात मालकाने मूलभूत बदल करू नये, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगतेच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका खटल्यात ते कडकपणे उचलून धरले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोड रोलर फिरवला. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे आली. पाहताना मला बरे वाटले, हे मी लपवीत नाही. शेठांचे काही पंजाबी, काही इंदोरी मात्र अजून कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे आहेत. दिल्लीचा व्यापारी फॅन्सी माल परत घेत नाही. शेठ त्यांना ‘मयत’ म्हणतात आणि दसऱ्याला त्यांनाही झेंडूचे एकेक फूल वाहतात.

शेठांच्या शेजारी रेडियमवाल्याची टपरी आहे. रेडियम हा शब्द आमच्याकडे कसा रुळला ते एक नवलच. मादाम क्यूरीने शोधलेल्या द्रव्याचा या चकाकणाऱ्या चिकटपट्टीत लवलेशही नाही. पण अंधारात चमकते ते रेडियम, अशी लोकांनी व्याख्या केली आणि ती कोशकारांना न विचारता चालू झाली. पूर्वी हे काम पेंटर करीत. ब्रश, डबा आणि तोंडात विडी घेऊन ट्रकच्या फाळक्यापुढे उकिडवे बसलेले पेंटर मी मनमाडच्या नाक्यावर पाहिले आहेत. आता यंत्र अक्षरे कापते. अक्षर सुबक झाले आहे आणि थोडे निर्जीवही.

गाडीच्या पाठीवर लिहिण्याच्या या हौसेवरही सरकारची नजर आहे. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ट्रकांच्या मागचे ‘हॉर्न ओके प्लीज’ पुसून टाकण्याचा हुकूम काढला. कारण काय, तर त्यामुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. साऱ्या हिंदुस्थानात इतके वाचले गेलेले दुसरे वाक्य नसेल, आणि त्याच्या अर्थाविषयी इतके मतभेद असलेलेही नसेल. नंबरांच्या पाट्यांची कथा तर माझ्या विषयाशी अगदी लागून आहे. आमच्या तालुक्यातल्या गाड्यांना मालेगावचा एमएच-४१ हा क्रमांक मिळतो. आता ४१४१ हा आकडा घ्या. देवनागरीत लिहून वर शिरोरेघ ओढा, थोडा हात फिरवा, की त्याचे ‘दादा’ होते. २१४ चे ‘राम’ होते. ४९१२ चे ‘पवार’ होते. एकच चौकडा, तो एकदा द होतो, एकदा म होतो, एकदा प होतो. पाणिनीने सूत्रे रचली, पण एका अंकाकडून तीन व्यंजनांचे काम करून घेण्याचे धाडस त्याने केले नव्हते. ही विद्या रोमन लिपीतल्या आकड्यांवर फारशी चालत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी साच्यातली उच्च सुरक्षा पाटी आली, नंतर जुन्यांनाही ती सक्तीची झाली, आणि ‘दादा’ पाटीवरून उतरून मागच्या काचेवर जाऊन बसले.

हे मला इतके तपशिलाने ठाऊक आहे, याचे श्रेय माझे नाही. ते शेठांच्या मुलाचे आहे, आणि इथे मला जरा थांबून लिहावे लागेल.

चार वर्षांपूर्वी हा मुलगा आमच्याकडे एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. लघुप्रबंधाचा विषय घेऊन तो माझ्याकडे आला. विषय होता, नांदगाव तालुक्यातील वाहनांवरील लेखन. बरोबर बिलबुकाच्या आकाराची एक जाड वही होती. मनमाडच्या नाक्यावर, पानेवाडीच्या तेल डेपोबाहेर लागणाऱ्या टँकरांच्या रांगेत, कांद्याच्या लिलावाला आलेल्या ट्रॉल्यांमागे उभे राहून त्याने शेकडो वाक्ये उतरवून घेतली होती. गाडी कोणती, माल कोणता, कोणत्या गावची, हेही प्रत्येकापुढे लिहिले होते. वर्गीकरण बापासारखेच नेमके होते: देव, आईबाप, कर्ज, वैरी. मी वही चाळली. एका न रंगवलेल्या पिकअपवर लिहिले होते, ‘बहिणीच्या लग्नानंतर रंग देऊ’. एका टँकरवर, ‘लांब राहा, मी लवकर पेटतो’. कांद्याच्या एका ट्रॉलीवर, ‘जाताना कांदा, येताना विचार’.

मी हसलो. हसलो याचा अर्थ मला ते आवडले होते. आणि तरीही मी वही मिटून त्याला म्हणालो, “अरे, हे वाङ्मय नव्हे, हे रंगकाम आहे.” मग त्याला मी एका नामवंत कादंबरीकाराच्या स्त्री-व्यक्तिरेखा असा विषय दिला. त्याने तो मुकाट्याने घेतला आणि मुदतीच्या आत पूर्णही केला. पहिल्या प्रकरणाच्या तिसऱ्या पानावरच मला कळले की हा मजकूर त्याचा नाही. कुठल्याशा जुन्या प्रबंधातून तो उचलला आहे. मी त्याला बोलावून घेऊन विचारायला हवे होते. मी सही केली. त्याला गुणही बरे पडले. सही करताना तो समोर उभा होता आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत नव्हतो. कंपनीच्या खोक्यात डुप्लिकेट माल घालून मी तो विद्यापीठाकडे पाठवला होता, आणि लोकल माल परत केला होता.

विशेष असे की त्याच वर्षी मी वर्गात लोकसाहित्य शिकवीत होतो. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या; दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहून या अभ्यासाला बैठक दिली; हेमा राइरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे सारे मी रंगून सांगत असे. ज्यांना कुणी लिहिते समजत नव्हते त्यांनी दगडाच्या यंत्रापाशी बसून केलेली ही रचना आहे, असे माझे एक आवडते वाक्य होते. ट्रॉली हेही यंत्रच आहे आणि तिच्यामागे बसलेल्यालाही कुणी लिहिता समजत नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. दगडाचे यंत्र पुरेसे जुने झाले होते, लोखंडाचे झाले नव्हते, एवढाच काय तो फरक.

ध्यानात आणून दिले ते सात समुद्रांपलीकडून. आमच्या कॉलेजची एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात सान होजे शहरी राहते. दिवाळीच्या शुभेच्छांसोबत तिने एकदा मला एक छायाचित्र पाठवले. एक लांबलचक जुनी शेव्हरोलेट, अंगावर रंगीत वेलबुट्टी, आणि पुढची दोन्ही चाके जमिनीवरून उचललेली. अगदी गुबूगुबू नंदीबैलाने पुढचा पाय उचलावा तशी. खाली तिने लिहिले होते, “सर, इथे गाड्या नाचतात. आपल्याकडच्या वरातीतल्या ट्रॅक्टरची आठवण झाली.” कुतूहलाने मी त्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

या गाड्या मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबांतल्या तरुणांच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या बाजूला गोऱ्या मुलांना गाड्या वेगाने पळवण्याचे वेड लागले होते आणि वेगाच्या सुट्या भागांचा मोठा व्यापार तिथे उभा राहत होता. या मुलांनी नेमके उलट केले. वापरलेल्या स्वस्त शेव्हरोलेट घ्यायच्या, मागे वाळूची पोती टाकायची, स्प्रिंगा कापायच्या आणि गाडी जमिनीलगत आणून हळूहळू चालवायची. घाई कुणाला आहे? लोकांनी पाहायला हवे. सरकारला हे रुचले नाही. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या लोखंडी कडेच्या खाली येता कामा नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने १९५८ साली केला. त्यावर रॉन अगीरे नावाच्या तरुणाने १९५९ साली तोड काढली. मोडीत निघालेल्या विमानी सामानातले हायड्रॉलिक पंप त्याने आपल्या गाडीला बसवले. कळ दाबली की गाडी वर, कळ दाबली की खाली. पोलीस दिसला की गाडी कायद्यात, पोलीस गेला की जमिनीवर. शेठांना मी हे सांगितले तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते आणि मग त्यांनी गंभीरपणे विचारले, “पंप होलसेलला कुठे मिळत होता?”

पण मला अडकवले ते पुढच्या गोष्टीने. १९७७ साली याच सान होजेत, तिथल्या विद्यापीठातल्या तरुणांनी ‘लो रायडर’ नावाचे मासिक काढले. विषय हाच: गाड्या, त्यांवरची चित्रे, त्या चालवणारी माणसे, त्यांची गाणी, त्यांचे मोहल्ले. ते मासिक छापील रूपात २०१९ पर्यंत चालले. गुलाबांची फुले रंगवलेली, १९६४ सालच्या बनावटीची ‘जिप्सी रोझ’ नावाची शेव्हरोलेट २०१७ साली वॉशिंग्टनला काचेच्या पेटीत ठेवून लोकांना दाखवली गेली आणि देशाच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत तिचे नाव चढले. सान होजेच्या नगरपालिकेने अशा गाड्या रस्त्यातून मिरवण्यावरची बंदी २०२२ साली उठवली. राज्याने जुना कायदा २०२३ साली रद्द केला आणि १ जानेवारी २०२४ पासून गाडी हवी तितकी खाली आणायला मोकळीक झाली. पासष्ट वर्षे लागली. त्या मासिकाचे तरुण विषय मंजूर करून घ्यायला माझ्याकडे आले असते, तर मी त्यांनाही एखाद्या कादंबरीकाराच्या स्त्री-व्यक्तिरेखा दिल्या असत्या.

माझ्या आईची ती दचकलेली मुद्रा आठवली की रोड रोलरविषयी माझे मत आजही बदलत नाही, हे सांगितले पाहिजे. कळ दाबून वर-खाली होणाऱ्या गाडीने कुणाची झोप मोडत नाही. वाक्यानेही मोडत नाही.

यंदा दसरा झाल्यावर मी दुकानात गेलो. स्कूटर ठीक होती. शेठ नाशिकला गेले होते आणि गल्ल्यावर मुलगा बसला होता. आताशा तो दुकानच पाहतो. मी इकडचे तिकडचे बोललो आणि अखेर म्हणालो, “तुझी ती वही आहे का रे अजून?”

“कोणती सर? गाड्यांची?” तो इतक्या सहज म्हणाला की मलाच अवघडल्यासारखे झाले. “ती रेडियमवाल्याकडे आहे. केव्हाची.”

मी शेजारच्या टपरीत गेलो. यंत्र करकरत अक्षरे कापत होते. वही यंत्राशेजारीच दोरीने बांधून ठेवलेली होती, तिला प्लास्टिकचे आवरण घातले होते आणि पानांच्या कडा अंगठ्यांच्या ठशांनी काळ्या पडल्या होत्या. गिऱ्हाईक येते, वही चाळते, वाक्य पसंत करते, पान आणि ओळ सांगते. नवे काही सुचले तर मागच्या कोऱ्या पानांवर स्वतःच्या हाताने लिहून जाते. पहिली पन्नास-साठ पाने माझ्या विद्यार्थ्याच्या वळणदार अक्षरातली होती. पुढे अक्षरे बदलत गेली होती, बारीक, ठसठशीत, तिरकी, एक तर उघडच एखाद्या शाळकरी मुलीचे. प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने उभ्या रेघा होत्या. जितक्या गाड्यांवर ते लागले तितक्या रेघा. ‘बहिणीच्या लग्नानंतर रंग देऊ’ पुढे अकरा होत्या. त्यात खाली दुसऱ्याच कुणी जोड दिली होती, ‘लग्न झालं, आता भाचीच्या बारशानंतर’.

चौथ्या पानावर ‘आईचा आशिर्वाद’ होता. त्याच्यापुढच्या रेघा दोन ओळी भरून समासात उतरल्या होत्या. माझा हात आपोआप खिशाकडे गेला आणि मी लाल पेन काढून त्यातली शि दीर्घ करू लागलो.

“सर, सर,” रेडियमवाला यंत्र थांबवून म्हणाला, “ते नका करू. मागे एकदा तसं करून दिलं होतं. गिऱ्हाईक म्हणे, चुकीचं आहे, परत करा.”

मी पेन खिशात ठेवले. वही दोन दिवसांसाठी घरी नेऊ का, असे त्याला विचारले. तो विचारात पडला.

“आता दिवाळीत नको सर. धनत्रयोदशीला नव्या गाड्या येतील, पाडव्याला तर रांग लागते. वही इथं लागते मला. पाडवा झाल्यावर न्या ना, खुशाल आठ दिवस ठेवा.” मग माझ्या मागे उभ्या असलेल्या स्कूटरकडे पाहून तो म्हणाला, “तोवर हिच्यावर काही टाकायचं का? मागं जागा आहे. पैसे नको द्या, आमच्या भाऊचे सर तुम्ही.”

मी वही पुन्हा उघडली. मागे एक ट्रॅक्टरवाला येऊन उभा राहिला होता, त्याला घाई होती. पण पाने उलटता उलटता आम्ही दोघेही तिथेच वाचत राहिलो.